जुन्या कुळाचं कर्ज कोणी फेडायचं?

(नागपूरला मे 1985 मध्ये झालेल्या कार्यकर्ता शिबिरात आपल्या एका तरुण साथीने केलेले भाषण. बऱ्याच गावांतून मागणी आल्यामुळे ते लिहून काढून इथे देत आहोत. शेवटी शिबिरात विचारले गेलेले प्रश्न दिले आहेत. ज्या गावात वाचणारा एकच असेल तिथे त्याने चावडीवर किंवा घोटुलात, बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.)



तेंदूपत्त्याची टोळी सोडून, मजुरी बुडवून तुम्ही इथवर आले आहा. मृग लागायला पंधरा दिवसही राहिले नाहीत. घरी वावर वखरायचं पडलं आहे, बियाणं पाहायचं आहे. म्हणून मी लांब बोलणार नाही. एकच विषय घेतो. पण तो नीट समजून घ्या, कारण तो यंदाच्या पेरणीचाच विषय आहे.

विषय असा आहे. आपली जमीन दुसऱ्याकडे गेली होती. कायद्याने ती परत मिळाली. पटवाऱ्यानं सातबाऱ्यावर आपलं नाव चढवलं. आपण आनंदानं पेरायला निघालो, सोसायटीत कर्ज मागायला गेलो. तिथं सेक्रेटरी सांगतो, "तुह्या वावरावर कर्ज हाये. ते भरल्याशिवाय नवं भेटत नाही." कोणाचं कर्ज? तर जो कूळ आपल्या जमिनीवर वीस वर्षं बसला होता, त्यानं उचललेलं. तो गेला, कर्ज ठेवून गेला.

आमच्या भागात एक विधवा बाई आहे. तिचं नाव, गाव सांगत नाही, ती इथं बसलेली असली तरी चालेल. तिच्या सासऱ्याचं चार एकर वावर एका बिगर-आदिवासी कुळाकडं गेलं होतं. सासरा मेला, नवरा मेला. ही बाई दहा वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवत होती. शेवटी जमीन परत भेटली. त्यानंतर दोन हंगाम झाले, सोसायटी तिला खत देत नाही, बियाणं देत नाही, रोख देत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात जुन्या कुळाच्या इंजिनाचं कर्ज लिहिलेलं आहे. इंजिन तर तो घेऊन गेला! ती मला म्हणाली, "बाबू, वावर भेटलं, पण त्याच्या डोक्यावरचं ओझं बी माह्या डोक्यावर आलं. मी तं त्यातला एक पैसाही पाह्यला नाही."

आता याच्या पुढची गोष्ट ऐका. तोच जुना कूळ तिच्याकडं निरोप पाठवतो, "कर्ज मी भरतो. तू फक्त वावर पाच वर्षं मक्त्यानं मलाच दे." म्हणजे जमीन सरकारनं एका दारानं काढून घेतली, अन् तो कर्जाच्या दारानं परत आत येतो. गावातले चार शहाणे तिला सांगतात, दे म्हणून, वावर पडीक राहण्यापेक्षा बरं. तिनं अजून अंगठा दिला नाही. तिनं देऊ नये, अन् तिच्यासारख्या कोणीच देऊ नये, म्हणून आज बोलतो आहे.

जमीन गेली कशी, हे आधी

नवीन पोरांना माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगतो. हे नागपूर शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलं. महालात अजून किल्ल्याची खूण आहे. ज्यांच्या राजानं शहर वसवलं, ते आज याच शहरात वीटभट्टीवर अन् बांधकामावर राबायला येतात. मधे काय झालं? इंग्रज आले, त्यांनी मध्य प्रांतात गावंच्या गावं मालगुजाराच्या नावानं करून दिली. जो कसत होता तो रयत झाला. सारा रोख भरायचा, रोख नाही म्हणून सावकार. सावकाराच्या वहीतून जमीन गेली. इंग्रज सरकारलाही हे दिसत होतं. 1916 साली मध्य प्रांतात जमीन हस्तांतरणाचा कायदा केला, आदिवासींची जमीन सावकाराकडं जाऊ नये म्हणून. ग्रिगसन नावाच्या अधिकाऱ्याला चौकशीला नेमलं, त्याचा मोठा अहवाल 1944 साली इथं नागपुरातच छापला गेला. त्यातही कर्जाची अन् कर्जापायी राबणाऱ्यांची कहाणी आहे. कागद झाले, पण जमीन जायची थांबली नाही.

स्वातंत्र्यानंतर 1951 साली मालगुजारी गेली. मग 1958 साली विदर्भासाठी कुळकायदा आला. कसेल त्याची जमीन. कायदा चांगला होता, गरिबासाठी होता. 1 एप्रिल 1961 ला अन् पुढं 1 एप्रिल 1963 ला बरेच कूळ जमिनीचे मालक ठरले. पण आपल्या भागात कूळ कोण होता? बऱ्याच ठिकाणी आदिवासी हा नावाचा मालक होता, अन् त्याला कर्ज देणारा, दुकानवाला, मोठा कास्तकार हा कागदावर कूळ होता. सासऱ्यानं लग्नासाठी दोनशे रुपये घेतले, त्याच्या बदल्यात वावर कसायला दिलं, पटवाऱ्यानं त्याचं नाव कूळ म्हणून लावलं. कुळकायदा आला अन् तो मालक झाला. गरिबाच्या नावानं आलेल्या कायद्यानं गरिबाचीच जमीन गेली.

हे ध्यानात आलं तेव्हा महाराष्ट्र सरकारनं दोन गोष्टी केल्या. पहिली, 6 जुलै 1974 पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडं कलेक्टरच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल, ठेका, काहीच नाही. कोर्टाच्या हुकुमानं लिलाव झाला तरी परवानगी पाहिजे. दुसरी, अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा 1974 चा कायदा. तो 1 नोव्हेंबर 1975 पासून लागू झाला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीची जी जमीन बिगर-आदिवासीकडं गेली, ती परत करायची. विकून गेलेलीही अन् कुळकायद्यानं गेलेलीही. मोठे जमीनवाले या कायद्याविरुद्ध पार दिल्लीपर्यंत गेले. मागच्या डिसेंबरात, म्हणजे 1984 च्या, सुप्रीम कोर्टानं कायदा बरोबर आहे असा निकाल दिला. आता त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

कर्जाबद्दल कायदा काय म्हणतो

आता मुद्द्यावर येतो. या कायद्यात साफ लिहिलं आहे की जमीन आदिवासीला परत द्यायची ती सर्व भारांपासून मुक्त करून द्यायची. भार म्हणजे बोजा. गहाण, सोसायटीचं कर्ज, बँकेचं तारण, जे काही त्या बिगर-आदिवासीनं जमिनीवर चढवलं असेल ते. जमीन आपल्याकडं येते तेव्हा ती उघडी येते, डोक्यावर काही घेऊन येत नाही.

मग सोसायटीचे पैसे बुडाले का? नाही बुडाले. कायद्यानं त्याचीही वाट सांगितली आहे, अन् ही वाट आपल्या माणसांना कोणी सांगत नाही. आपल्याला जमीन फुकट मिळत नाही. जमीन विकून गेलेली असेल तर साऱ्याच्या 48 पट रक्कम, अन् त्यानं वावरात काही सुधारणा केली असेल, विहीर खोदली, बांध घातला, तर कलेक्टर ठरवील ती त्याची किंमत, एवढं आपण भरायचं. जमीन कुळकायद्यानं गेलेली असेल तर त्या कुळानं त्यावेळी जी खरेदीची किंमत भरली असेल ती परत करायची. एकदम भरणं होत नसेल तर जास्तीत जास्त 12 वार्षिक हप्ते पाडून मिळतात, व्याज शेकडा साडेचार, सरळ व्याज.

अन् त्या माणसाचं जमिनीवर कर्ज असेल तर? विकून गेलेल्या जमिनीबाबत हे कायद्यात फोड करून लिहिलं आहे: ते कर्ज आपण भरलेल्या रकमेतून आधी देणेकऱ्याला द्यायचं, उरलं तर त्याला. रक्कम पुरली नाही तर बाकीच्यासाठी सोसायटीनं किंवा बँकेनं त्या माणसाच्या मागं लागायचं, त्याची दुसरी जमीन आहे, घर आहे, दुकान आहे. आपल्या मागं नाही.

हिशोब करून सांगतो, आकडे समजा म्हणून धरतो. समजा सारा 3 रुपये. 48 पट म्हणजे 144 रुपये. त्यानं विहीर खोदली, तिची आजची किंमत समजा 1,200 रुपये ठरली. झाले 1,344 रुपये. याचे बारा हप्ते म्हणजे वर्षाला 112 रुपये अन् वर व्याज. आता त्यानं ती विहीर खोदायला सोसायटीचं कर्ज घेतलं होतं अन् 2,000 रुपये बाकी आहे. कायद्याप्रमाणं तुमचे 1,344 सोसायटीला जातील, उरलेले 656 सोसायटी त्याच्याकडून घेईल. पण सेक्रेटरी काय करतो? हप्ते तुम्ही कलेक्टरच्या हुकुमाप्रमाणं भराच, अन् वर 2,000 सोसायटीतही भरा. म्हणजे 3,344. एकाच विहिरीचे पैसे दोनदा. अन् ज्यानं कर्ज खाल्लं तो एक पैसा न देता मोकळा. याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

म्हणून जमीन परत देण्याचा जो आदेश निघतो, त्याची नक्कल प्रत्येकाच्या घरी असली पाहिजे. बऱ्याच जणांनी ती घेतलेलीच नाही. "पटवाऱ्यानं सांगतलं का जमीन झाली," एवढ्यावर घरी आले. आदेशात दोन गोष्टी पाहा. एक, भारमुक्त शब्द आहे का. दोन, भरायच्या रकमेची वाटणी केली आहे का, त्यात सोसायटीचं किंवा बँकेचं नाव आहे का. चौकशीच्या वेळेसच साहेबासमोर सांगायचं की या कुळाचं सोसायटीत एवढं कर्ज आहे, ते लिहून घ्या. नंतर ओरडण्यापेक्षा तेव्हा सांगितलेलं बरं. अन् या कायद्याच्या चौकशीत वकील उभा राहू शकत नाही, त्याचाही नाही अन् आपलाही नाही. सुप्रीम कोर्टानं हेही मान्य केलं. म्हणजे बोलायचं आपल्यालाच आहे. कागद समजून जाल तर वकिलावाचून अडत नाही.

सातबाऱ्यावरचा बोजा कसा काढायचा

आदेश भारमुक्त असला तरी सातबाऱ्यावर जुनी नोंद तशीच राहते. पटवारी नवं नाव चढवतो, जुना बोजा खोडत नाही. कधी आळसानं, कधी दुसऱ्या कारणानं. अन् कायद्यानं सातबाऱ्यावर लिहिलेलं खरं समजलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून नोंद तशीच ठेवणं धोक्याचं आहे. काय करायचं ते क्रमानं सांगतो.

पहिलं. सातबाऱ्याची नक्कल काढा. नुसतं नाव पाहू नका. इतर हक्कांचा रकाना वाचून घ्या. तिथं बोजा असेल तर ज्या फेरफारानं तो चढला त्याचा नंबर असतो. त्या फेरफाराचीही नक्कल काढा. कर्ज कोणाच्या नावानं, किती, कोणत्या साली, हे त्यात कळतं.

दुसरं. तहसीलदाराकडं अर्ज करा. सोबत परतीच्या आदेशाची नक्कल लावा. लिहा की जमीन भारमुक्त परत मिळाली आहे, म्हणून पूर्वीच्या कुळाच्या कर्जाची नोंद कमी करावी. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोचेचा शिक्का अन् तारीख घ्या. शिक्का दिला नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा.

तिसरं. तसाच अर्ज सोसायटीला द्या अन् नक्कल सहाय्यक निबंधकाला पाठवा. सोसायटीचं कर्ज घेताना सभासदानं जे घोषणापत्र लिहून दिलं, ते त्याच्या हक्कावर लिहून दिलं. तो कूळ म्हणून लिहून देत असेल तर त्याच्या कुळाच्या हक्कापुरतं. त्याचा हक्कच संपला, मग त्या कागदाच्या जोरावर आपल्या हक्कावर बोजा कसा राहील, हे विचारा. अन् लेखी उत्तर मागा.

चौथं. फेरफार आपल्या विरुद्ध मंजूर झाला तर गप्प बसू नका. साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील करता येते. साठ दिवस हुकूम कळल्यापासून लवकर संपतात. पऱ्हे टाकणं, रोवणी, निंदण यात दोन महिने कधी गेले कळत नाही. म्हणून गावातल्या एका शिकलेल्या पोराकडं तारखांची वही द्या.

पाचवं, अन् हे सगळ्यात मोठं. या जुन्या कर्जापोटी पाच रुपयेसुद्धा भरू नका, अन् कोणत्याही कागदावर अंगठा देऊ नका. सेक्रेटरी म्हणेल, "नुसती सही कर, कर्ज तुझ्या नावावर वळवतो, मग नवं देतो." वळवलं म्हणजे ते तुमचं झालं. जे कर्ज तुमचं नव्हतं ते तुमच्या अंगठ्यानं तुमचं होतं. तीच गोष्ट त्या मक्त्याच्या कागदाची. बिगर-आदिवासीला पाच वर्षांसाठी मक्ता द्यायचा तरी कलेक्टरची परवानगी आधी लागते, त्याहून जास्तीसाठी सरकारचीही मंजुरी. परवानगीशिवाय साध्या कागदावर केलेला मक्ता बेकायदा आहे.

सगळंच कर्ज झटकता येतं असं नाही

आता उलट बाजूही सांगतो. संघटनेच्या नावानं कोणी गैरसमज घेऊन घरी जाऊ नये.

जमिनीचा सारा थकला असेल तर तो जमिनीवर बसतो. सरकारचा सारा सगळ्या कर्जांच्या आधी येतो, माणूस बदलला तरी. तो थोडा असतो, तो भरून पावती घ्या. पण एक ध्यानात ठेवा. "साऱ्याच्या थकबाकीसारखं वसूल होणारं" कर्ज वेगळं अन् सारा वेगळा. तगाई असो, सोसायटी असो, वसुलीची रीत साऱ्यासारखी असते, एवढंच. ते कर्ज ज्यानं घेतलं त्याचंच. कोणी दोन्ही एका कागदावर लिहून आणेल तर फोड मागा.

बापानं स्वतः घेतलेलं कर्ज असेल अन् बापाची मालमत्ता आपल्याकडं आली असेल तर त्या मालमत्तेपुरतं देणं लागतं. त्याहून जास्त नाही. पोराच्या मजुरीतून बापाचं कर्ज कापता येत नाही. आपण स्वतः घेतलेली खावटी, आपण स्वतः घेतलेलं पीककर्ज, हे आपलं आहे. ते फेडायचं. नापिकी झाली तर मुदत मागायची, पण घेतलंच नाही असं म्हणायचं नाही. आपलं इमान हाच आपला जोर आहे. ज्या दिवशी आपण आपलं कर्ज नाकारू, त्या दिवशी दुसऱ्याचं कर्ज नाकारताना आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

सावकार, सालदारी आणि वीटभट्टी

कागदावर नसलेली कर्जं तर याहून वाईट. सावकार वही काढतो, म्हणतो हे वावर कसणाऱ्यानं माझ्याकडून उचललं होतं, आता तू कसतो, तू दे. अशा सावकाराला पहिला प्रश्न, परवाना आहे का? परवाना नसलेल्या सावकाराच्या दाव्यात कोर्ट हुकूमनामा देत नाही. दुसरा प्रश्न, कर्ज कधीचं? 22 ऑगस्ट 1975 च्या आधीचं, अन् घेणारा शेतमजूर किंवा अगदी थोड्या जमिनीचा शेतकरी होता, तर कर्जमुक्तीच्या कायद्यानं ते संपलं आहे. सावकार लोक त्याही कायद्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले होते, 1977 साली हरले. बँक, सोसायटी अन् सरकारचं कर्ज मात्र त्या कायद्यात माफ नाही. तिसरा प्रश्न, नंतरचं असेल तर चिठ्ठी किती वर्षांची? उसनवारीच्या चिठ्ठीवर साधारण तीन वर्षांत दावा लावावा लागतो. म्हणून तर सावकार दर दोन-अडीच वर्षांनी येतो, चहा पाजतो अन् नवीन चिठ्ठीवर अंगठा मागतो. मेलेली चिठ्ठी तुमच्या अंगठ्यानं जिती होते.

तसंच सालदारीचं. बाप सालदार होता, त्याच्या नावावर मालकाची उचल राहिली, म्हणून पोरगा सालानं राबतो. 25 ऑक्टोबर 1975 पासून वेठबिगारी बंद झाली. कर्जापोटी राबवून घेणं गुन्हा आहे, तीन वर्षांची कैद अन् दोन हजारांपर्यंत दंड आहे. अन् ज्या कर्जापोटी राबवलं ते कर्जच कायद्यानं संपलं. बापाचं असो की आजाचं.

वीटभट्टीवर आपली पोरं जातात, तिथं एक जोडी उचल घेऊन पळाली की मालक तिची उचल राहिलेल्या जोड्यांवर वाटतो. "तुमच्याच गावची होती" म्हणतो. एका गावचे असणं म्हणजे जामीन असणं नाही. उचल ज्याच्या त्याच्या नावानं लिहून घ्या, आठवड्याच्या आठवड्याला हिशोब मागा, अन् कोणी कापलं तर इथं संघटनेला कळवा.

वनग्रामवाल्यांसाठी

वनग्रामांत सातबाराच नाही. जंगल खात्याच्या वहीत प्लॉट लिहिलेला असतो. सातबारा नाही म्हणून सोसायटी कर्ज देत नाही, म्हणून सावकार. एक घर गाव सोडून गेलं, त्याचा प्लॉट दुसऱ्यानं कसायला घेतला, की जुन्या घराची बाकी, दंड, सगळं नव्या घराला सांगतात. तिथं एकच करा. तोंडी बाकी मानू नका. कोणाच्या नावानं, कशाबद्दल, कोणत्या तारखेची, हे लेखी मागा. पैसे दिले तर पावतीशिवाय देऊ नका, अन् पावतीवर ज्याचा दंड त्याचंच नाव पाहिजे. तुमचं नाव त्यावर आलं तर उद्या तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवतील. पण तुम्ही किती वर्षांपासून कसता त्याचा जो जो कागद असेल, अगदी जुनी दंडाची पावती असली तरी, ती फेकू नका. तुम्ही तिथं होते याचा तो पुरावा आहे. मातीच्या मडक्यात ठेवा, वाळवी लागू देऊ नका.

शिबिरात आलेले प्रश्न

प्रश्न: सोसायटी तर आपल्याच गरीब लोकांची आहे. कर्ज बुडालं तर सोसायटी बुडेल, मग आपल्यालाच कर्ज भेटणार नाही. तेव्हा थोडं थोडं सगळ्यांनी भरलं तर काय बिघडलं?

उत्तर: प्रश्न चांगला आहे, सोसायटी जगलीच पाहिजे. पण ती कर्जदाराकडून वसूल करून जगेल. त्या जुन्या कुळाकडं आजही वावर आहे, बैलजोडी आहे, घर आहे. सोसायटीला वसुलीचा दाखला काढून त्याची मालमत्ता जप्त करता येते. ती करत नाही, कारण तो पंचांच्या बैठकीत खुर्चीवर बसतो अन् आपण खाली बसतो. विधवा बाईकडून वसूल करणं सोपं वाटतं. आपण सोसायटीचे सभासद आहोत. वार्षिक सभेत उभं राहून थकबाकीदारांची यादी मागा. सोसायटी वाचवायची असेल तर तिथून सुरुवात होते.

प्रश्न: जमिनीवर इलेक्ट्रिक मोटारीचं जुनं बिल आहे. मंडळवाले म्हणतात भरा तर लाइन जोडतो.

उत्तर: मीटर अन् करारनामा कोणाच्या नावानं आहे ते आधी पाहा. त्याच्या नावचं मीटर आपल्या नावावर वळवण्याचा अर्ज करू नका, नवीन जोडणीचा अर्ज वेगळा करा. अडवलं तर अडवण्याचं कारण लेखी मागा. तो कागद घेऊन या, मग पुढचं ठरवू.

प्रश्न: अर्जच केला नव्हता, आता जमीन मागता येते का?

उत्तर: अर्जाला मुदत असते, पण कलेक्टर स्वतः होऊनही चौकशी सुरू करू शकतात. म्हणून गावानं मिळून, कोणाची कोणती जमीन कधी गेली याची यादी करून कलेक्टरला द्यायची. एकट्याचा कागद फायलीत जातो. गावाचा कागद साहेबाला वाचावा लागतो.

प्रश्न (एका बाईचा): नवरा नाही, मुलं लहान. मी एकटी सोसायटीत गेली तर मला बसूही देत नाहीत.

उत्तर: एकटीनं जाऊ नका. ज्यांच्या सातबाऱ्यावर असा बोजा आहे त्या सगळ्यांनी एकाच दिवशी जायचं. आमच्याकडं गेल्या महिन्यात अकरा जणी एकदम गेल्या. सेक्रेटरीनं स्वतः सतरंजी टाकली, अन् अर्जांवर शिक्के दिले. बोजा अजून निघाला नाही, पण शिक्का आला. पुढची लढाई त्या शिक्क्यावर लढायची.

आता करायचं काय

घरी गेल्यावर तीन कामं. एक, येत्या बाजाराच्या दिवशी ज्यांना ज्यांना जमीन परत मिळाली त्यांनी सातबाऱ्याची अन् आदेशाची नक्कल मागायची. दोन, प्रत्येक गावानं एक कागद करायचा: जमीन कोणाची, बोजा कोणाच्या नावाचा, किती रुपये, कोणत्या सोसायटीचा. तीन, पेरणी आटोपल्यावर, पोळ्याच्या आधी, हे सगळे कागद घेऊन तालुक्याला एकत्र जायचं.

अन् यंदाच्या पेरणीचं? ज्या बायांना सोसायटीनं अडवलं आहे, त्यांचं वावर गावानं मिळून वखरून द्यायचं. बियाणं प्रत्येक घरानं पायलीभर काढायचं, पीक आल्यावर पायलीभर परत घ्यायचं, सवाई-दिढी नाही. आपल्या आजा-पणज्यानं असंच केलं, तेव्हा सोसायटीही नव्हती. वावर पडीक राहिलं नाही तर मक्त्याच्या कागदावर अंगठा देण्याची वेळ येणार नाही. कायदा आपल्या बाजूनं आहे हे मी तासभर सांगितलं. पण पाऊस कायद्यासाठी थांबत नाही, म्हणून नांगर आधी घाला.

त्या बाईच्या गावानं हे ठरवलं आहे. परवा पाच जोड्या तिच्या वावरात जाणार आहेत. बाकीच्या गावांनी आपलं आपलं ठरवून कळवावं, पुढच्या अंकात छापू.

सगळ्यांना जोहार.